भीड, भीती आणि माळा : प्रस्तावना

नागपुरात पाहुणा आला की त्याला सेवाग्राम दाखवून आणायची जुनी रीत आहे. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघायचं, पंचाहत्तरेक किलोमीटरचा रस्ता, वाटेत पवनारला धाम नदीच्या काठी थांबायचं आणि मग बापूकुटीशी चपला काढून आत शिरायचं. आत गेल्यावर माणसं आपोआप हळू बोलू लागतात. मातीच्या भिंती, सारवलेली भुई, बांबू, चटई, बैठं मेज. बाहेर आल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘खरं म्हणजे माणसाला एवढंच लागते.’ संध्याकाळी हीच मंडळी सीताबर्डीच्या मेन रोडवर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रिक्षा शोधताना दिसतात. त्यांना ढोंगी म्हणायचं माझ्या जिवावर येतं. कुटीत जे वाटलं तेही खरं असतं आणि बर्डीवर जे घेतलं तेही मनापासूनच घेतलेलं असतं. कुटीत पटलेली गोष्ट घराच्या उंबऱ्याशी येऊन का अडते, एवढंच मला या पुस्तकात बघायचं आहे.

घरातल्या वस्तू कमी करा, जगणं सुटसुटीत करा, सुख मिळेल, असं सांगणारी पुस्तकं अलीकडे पुष्कळ झाली. जपानच्या मारी कोंडोबाईंनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती आनंद देते का ते बघायला सांगितलं. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांनी 2017 च्या आपल्या पुस्तकात म्हातारपणी आपल्या मागच्यांसाठी घर आवरून ठेवण्याची तिकडची पद्धत सांगितली. दोन्ही पुस्तकं मला आवडली. पण त्यांतली घरं वाचताना सारखं वाटत राहिलं की या बायकांकडे संक्रांतीचं वाण येत नसावं.

आधी कुटीबद्दल थोडं सविस्तर बोलू. आपल्या डोक्यात साधेपणाचं जे चित्र आहे ते तिथूनच आलेलं आहे, आणि ते अर्धवट आहे.

1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. घर पाचशे रुपयांच्या आत बसलं पाहिजे आणि सामान आसपासचंच वापरलं पाहिजे, अशी त्यांची अट होती. पहिलं घर ते आदिनिवास. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली झोपडी, गांधीजी तिच्यात पुढे राहायला गेले. जमीन जमनालाल बजाजांची. अमेरिकेत थोरोनं वॉल्डनच्या तळ्याकाठी झोपडी बांधली तिचा खर्च त्यानं 28 डॉलर साडेबारा सेंट असा काटेकोर लिहून ठेवला आहे, आणि ती जमीनही त्याच्या मित्राची, एमर्सनची होती. साधं राहायला निघालेल्या या दोघांच्या पाठीशी एकेक जमीनदार स्नेही होता, ही गोष्ट मी टवाळीनं सांगत नाही. बापूंना गरिबीत ठेवायला किती खर्च येतो, हा सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगितला जाणारा विनोद गांधीजींच्या जवळच्या माणसांतच फिरत होता. साधेपणाला आधार लागतो. तो कुणाचा, हे विचारून घेतलेलं बरं.

दुसरी गोष्ट तिथल्या वस्तूंची. आश्रमात एक टेलिफोन आहे. व्हाइसरॉयशी बोलणं सोयीचं व्हावं म्हणून सरकारनं तो बसवला होता. आणि एक लाकडी पिंजरा आहे, सोबत लांब चिमटा. सेवाग्रामच्या माळावर विषारी साप निघत. ते मारायचे नाहीत, धरून लांब सोडून यायचं, म्हणून हे सामान. पाहुण्यांना मी मुद्दाम या पिंजऱ्यापाशी थोडं थांबवते. चटई आणि चरखा बघून माणूस भारावतो, पण तिथली रीत समजते ती पिंजऱ्यापाशी. सापासाठी पिंजरा ठेवणारं घर काही रिकामं घर नव्हे. त्या घरात काय करायचं हे ठरलेलं होतं आणि त्या कामाला लागेल ती वस्तू, कितीही विचित्र असली तरी, हजर होती. आपल्याकडे गणित उलटं चालतं. वस्तू आधी येते आणि तिचं काम पुढे कधीतरी निघेल अशी आशा असते. ती आशा माळ्यावर जाऊन बसते.

1978 च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आला होता. तो या कुटीत बराच वेळ बसून राहिला आणि मग तिच्यावरच बोलला. आपण जमवत जातो ते सामानसुमान पांगळ्याच्या कुबड्यांसारखं असतं, त्यानं आतली ताकद येत नाही, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. भाषण सुंदर आहे. तरी सकाळी सहाला उठून दोन डबे करून आठ वीसची बस धरणाऱ्या बाईला फ्रिज ही कुबडी आहे असं मी सांगणार नाही. या पुस्तकात फ्रिजविरुद्ध एक अक्षर नाही. वॉशिंग मशीनच्या तर मी बाजूनंच आहे.

मग घर भरतं कशानं? हव्यासानं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मला ते पुरतं पटत नाही. मी पाहिलेल्या घरांत हव्यासानं आलेल्या वस्तू थोड्या, आणि त्या बहुतेक वापरात असतात. हौसेनं घेतलेला मिक्सर रोज फिरतो. न वापरलेला जो ढीग असतो तो दुसऱ्या दोन वाटांनी आलेला असतो. एक भीती, ‘राहू द्या ना, कामात येते कधी.’ दुसरी भीड, ‘अमक्यांनी दिलेलं आहे, टाकायचं कसं?’

ही दोन कारणं मी शोधलेली नाहीत. ती फार नेमक्या शब्दांत कस्तुरबांनी मांडली आहेत आणि गांधीजींनी आपल्या आत्मकथेत प्रामाणिकपणे नोंदवली आहेत. 1901 साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना तिथल्या लोकांनी त्यांना सोन्याचांदीच्या, हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यांत पन्नास गिनी किमतीचा एक सोन्याचा हार खास कस्तुरबांसाठी होता. सार्वजनिक कामाचा मोबदला घ्यायचा नाही म्हणून गांधीजींनी रात्रभर येरझारा घालून सगळं परत करायचं ठरवलं, आधी मुलांना पटवलं आणि मग बायकोकडे गेले. बाईंनी जोरदार हरकत घेतली. तुम्हाला नको असेल, मुलांना तुम्ही नादी लावलं असेल, पण माझ्या येणाऱ्या सुनांचं काय? उद्या काय होईल कुणी पाहिलं आहे? आणि इतक्या मायेनं दिलेल्या वस्तू परत कशा करायच्या? त्यांनी अश्रूही ढाळले. शेवटी दागिने गेले, त्यांचा विश्वस्तनिधी झाला. पुढे कस्तुरबांनाही ते योग्य वाटू लागलं असं गांधीजी लिहितात.

उद्याची भीती आणि मायेची भीड. सव्वाशे वर्षांत आपल्या घरांत तिसरं कारण मला तरी सापडलेलं नाही. कस्तुरबांचा मुद्दा हरला म्हणून तो चुकीचा होता असंही मला वाटत नाही. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, पगार नाही, तिच्यापाशी सोनं हीच काय ती पुंजी असते. ती जपणं ही त्या काळातली अगदी व्यवहारी गोष्ट होती. घरात एकानं साधेपणाचं ठरवायचं आणि त्याची किंमत दुसरीनं द्यायची, असा प्रकार आजही सर्रास चालतो. नवरा आवराआवरीचा एखादा व्हिडिओ बघतो आणि रविवारी सकाळी बायकोची भांडी मोजायला बसतो. त्याच्या बंद पडलेल्या स्कूटरचा विषय निघत नाही. याच सेवाग्रामात आदिनिवासातल्या पुरुषांच्या गर्दीत कस्तुरबांची कुचंबणा होऊ लागली तेव्हा जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी बाकुटी बांधून दिली. एक खोली वाढली आणि एका माणसाचं जगणं सोपं झालं. सुटसुटीतपणाचा हिशेब करताना ही खोलीही त्यात धरावी लागते.

भिडेचा प्रकार आपल्याकडे किती पक्का आहे ते स्वयंपाकघरात दिसतं. नागपूरच्या कोणत्याही जुन्या घरातली भांडी उलटी करून बघा. लग्नात आंदणात आलेला गंज, त्याच्या काठाखाली मशिननं टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, तारीख, खाली ‘कडून सप्रेम भेट’. इतवारीतल्या दुकानात भांडं घेतलं की नाव टाकून देतातच. पितळेचे गुंड, कोपर, परात, डब्यांची सात नगांची उतरंड. दर वेळी गंज घासताना मामेसासऱ्यांचं नाव हाताखाली येतं, ते वारून कितीतरी वर्षं झालेली असतात. अशी भांडी काढायची म्हणजे त्या माणसालाच घराबाहेर काढल्यासारखं वाटतं. मग तीन माणसांच्या घरात पन्नास पानांची पंगत उठेल इतकी भांडी राहतात आणि पंगत आली की केटरर आपली भांडी घेऊन येतो.

ब्लाउज पीसची कथा तर महाराष्ट्रभर सारखीच. ओटीतून आलेला पीस घडी न मोडता कपाटात जातो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या ओटीत पडतो. तो शिवून अंगात घातलेली बाई मी पाहिलेली नाही. शिवाय त्याची उंची दर घडीबरोबर कमी होत चालली आहे, आता त्यात लहान मुलीचाही ब्लाउज होणार नाही. संक्रांतीचं वाण हे त्याचं प्लास्टिकमधलं भावंड. जानेवारी-फेब्रुवारीत चाळीस घरी जाऊन आलेल्या बाईकडे चाळणी, गाळणी, साबणदाणी, डब्या मिळून एक छोटं दुकान जमतं. यातली एकही वस्तू तिनं विकत घेतलेली नसते. तिला ‘कमी खरेदी करा’ म्हणून काय उपयोग? तिच्या घरातली गर्दी ही तिच्या नात्यागोत्याची गर्दी आहे, आणि ती कमी करायची तर देण्याघेण्याची पद्धतच बदलावी लागते. काही महिला मंडळांनी वाणात वस्तूऐवजी भाजीची जुडी, गुळाची ढेप, रोप, पुस्तक असं काही द्यायला सुरुवात केली आहे. खाल्लं की संपलं, यासारखी सोय नाही. रोपाचं मात्र सांभाळून, गॅलरीत कुंड्यांचीही गर्दी होते.

आता नागपूरचीच अशी एक खास अडचण. या शहरात जागा होती. ज्या 1936 साली गांधीजी सेगावात पाचशे रुपयांच्या घराची अट घालत होते, त्याच सालच्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आलं, आणि पुढच्या काही दशकांत शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला एकामागून एक लेआउट पडत गेले. प्लॉट घ्यायचा, आधी खाली बांधायचं, मुलाच्या लग्नाच्या वेळी वर चढवायचं. मागे विहीर, पुढे अंगण, जिन्याखाली कोठी, गच्चीवर टिनाची खोली. मुंबईच्या चाळीत खाटेखाली जे मावेल तेवढंच राहिलं. नागपूरकराला टाकायची वेळच आली नाही. खसच्या ताट्यांचा लोखंडी कूलर मार्चअखेर खिडकीशी लावायचा आणि पाऊस लागला की जिन्याखाली ढकलायचा; नवा घेतला तरी जुना तिथेच, कारण टाकी अजून चांगली आहे. वर संत्र्यांची रिकामी खोकी. मुलं शिकून पुण्याला, बंगळुरूला, पुढे परदेशात गेली. दुमजली घरात सत्तरीची दोघं उरली. मग एक दिवस बिल्डर येतो, फ्लॅट स्कीम करू म्हणतो, आणि चाळीस वर्षांत प्रथमच सगळं सामान उजेडात येतं.

अशा घरांत मी गेले आहे. आवरायला सर्वात जास्त वेळ कशाला लागतो म्हणाल, तर कागदांना. बंद झालेल्या बँक शाखेची पासबुकं, दिवंगत काकांच्या बदलीचे आदेश, मुलाच्या दुसरीतल्या चाचणीचे पेपर, 1990 च्या दशकातली टेलिफोन बिलं, आणि त्याच गठ्ठ्यात मधेच प्लॉटची मूळ रजिस्ट्री. भीतीचं घर हेच. एक कागद लागेल म्हणून हजार ठेवायचे, आणि लागतो तेव्हा तोच सापडत नाही. भांड्यांच्या बाबतीत बायका चटकन निर्णय घेतात, कारण रोजच्या वापरातलं कुठलं हे त्यांना ठाऊक असतं. कागदांच्या गठ्ठ्यापुढे पुरुषमाणूस चहा मागतो आणि ‘हे मी नंतर बघतो’ म्हणतो.

इथवर मध्यमवर्गाचं झालं. पण नागपुरात बसून या विषयावर लिहिताना दीक्षाभूमीकडे पाठ करता येत नाही.

ज्यांच्या घरात कधी काही नव्हतंच, त्यांना ‘कमीत सुख मान’ असं सांगणं हा निर्लज्जपणा आहे. डॉ. आंबेडकरांनी 1945 च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीविचारावर जी टीका केली तिचा गाभा हाच होता. यंत्रानं माणसाला फुरसत मिळाली पाहिजे, कारण फुरसतीतून संस्कृती येते. नुसतं पोट भरण्यात जनावराचं भागेल, माणसाचं भागणार नाही. गरिबीला आध्यात्मिक तेज चढवणारी भाषा त्यांना मान्य नव्हती. दादरला त्यांनी राजगृह बांधलं ते आपल्या हजारो पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. पुस्तकांच्या बाबतीत पुरे हा शब्द त्यांना माहीत नव्हता. त्यांचे कपडेही नीटनेटके, उत्तम प्रतीचे असत, आणि त्यामागे विचार होता: ज्याला अंगभर नवं वस्त्र घालायची मनाई होती त्या समाजाचा पुढारी फाटका का राहील? सीताबर्डीच्या परिसरातल्या वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांचं ‘वस्ती’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना नसण्याचं कौतुक करताना दहादा विचार करावा लागतो.

आणि तरीही नागपूरच्या इतिहासातली घरं मोकळी करण्याची सर्वात मोठी घटना त्याच समाजानं घडवली. 14 ऑक्टोबर 1956 ला लाखोंनी पांढऱ्या कपड्यांत धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि त्यानंतर घरोघरचे देव्हारे उतरले. पिढ्यान्‌पिढ्यांचे टाक, मूर्ती, तसबिरी नदीत, विहिरीत सोडल्या गेल्या. भीती आणि भीड याहून मोठी कुठे असणार? देव कोपेल ही भीती, वाडवडिलांनी ठेवलेलं ही भीड. घरात नव्हत्याची भर असताना त्यांनी जे होतं त्यातलंही काढलं, कारण त्याचं ओझं त्यांना ठाऊक होतं. त्या जागी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली, पुस्तकांची फळी आली, मुलांच्या अभ्यासाला कोपरा आला. संतोषासाठी त्यांनी हे केलं असं म्हणणं अपुरं होईल, पण एखादी वस्तू घरातून गेल्यानं माणूस ताठ उभा राहू शकतो याचा एवढा मोठा दाखला मला दुसरा माहीत नाही.

बौद्ध विचारात भिक्षूला आठ वस्तू पुरतात: तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं. पण गृहस्थाला बुद्धानं ही यादी दिलेली नाही. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला त्यानं गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत. कष्टानं, धर्मानं मिळवलेलं आपल्यापाशी असण्याचं सुख. ते भोगण्याचं आणि त्यातून दानधर्म करण्याचं सुख. कुणाचं कर्ज नसण्याचं सुख. आणि निर्दोष आचरणाचं सुख. ही यादी मला फार समंजस वाटते. असणं हे सुख आहे हे तिनं आधीच मान्य करून टाकलं आहे. तिसऱ्या सुखापाशी मात्र आजच्या माणसानं थांबावं. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांवर घेतलेला सोफा, टीव्ही, फोन, आणि महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप जाणारी रक्कम. सोफ्यावर बसून त्याच सोफ्याच्या हप्त्याची काळजी करणारी तरुण जोडपी मी पाहते. त्यांना माळा रिकामा करायला सांगण्यात अर्थ नाही, त्यांच्या फ्लॅटला माळाच नाही. त्यांच्यासाठी वस्तू कमी म्हणजे हप्ते कमी, आणि हप्ते कमी म्हणजे नावडती नोकरी सोडायची मुभा. या पुस्तकातलं सर्वात लांब प्रकरण त्यावर आहे.

आपल्या भागात या विषयाचे आचार्य इतके होऊन गेले की नुसती नावं घेतली तरी प्रस्तावना संपेल. तुकडोजी महाराजांचं ‘या झोपडीत माझ्या’ तर आमच्याकडे पाठ नाही असं घर विरळा. विनोबांनी 1938 मध्ये धाम नदीचा पूल ओलांडताना मनातल्या मनात सगळ्या कामांचा त्याग केला आणि पवनारला येऊन राहिले. 1950 च्या सुमारास तिथेच पैशावाचून जगण्याचा, कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. हे शिखर आहे, तिथे संसार घेऊन चढता येत नाही. मला अधिक कामाचे वाटतात ते जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबनीसाचं शिक्षण घेतलेला हा तंजावरचा माणूस वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योग संघाचं काम बघायचा. त्यांच्या 1945 च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये एक सरळ गोष्ट आहे: राहणी उंच की खालची असं मोजू नका, साधी की गुंतागुंतीची असं मोजा. साधी राहणी दर्जानं उंच असू शकते. हिशेबनीसाला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. वस्तूची किंमत दुकानात एकदाच देऊन संपत नाही, ती पुसायची, दुरुस्त करायची, तिला जागा द्यायची, ही खाती पुढे चालूच राहतात हे त्यालाच दिसणार.

गाडगेबाबांचं उदाहरण देताना लोक नेहमी खापर आणि खराटा सांगतात आणि तिथेच थांबतात. 1905 मध्ये घर सोडलेल्या या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. म्हणजे त्यांना वस्तूंचा, विटांचा, पैशाचा तिटकारा नव्हता. ते सगळं भरपूर हवं होतं, फक्त ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही त्याच्यासाठी.

घरातून काढलेली वस्तू जाते कुठे, हा प्रश्न आवराआवरीच्या पुस्तकांत बहुतेक येत नाही. नागपुरात त्याचं उत्तर आहे भांडेवाडी. शहराच्या पूर्वेचं हे कचऱ्याचं आगार. उन्हाळ्यात तिथे आग लागते तेव्हा धूर आसपासच्या वस्त्यांच्या नाकात जातो, धरमपेठेच्या नाही. एका घराचं मोकळेपण दुसऱ्या वस्तीच्या दाराशी नेऊन टाकण्यात कसला संतोष? म्हणून मी घाई करू नका म्हणते. आपल्याकडे एक साखळी आहे, ती वापरा. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई अजून गल्लीत येते. (तिच्याकडून आणखी एक भांडं घरात येतं हा त्यातला धोका. रोख मागा, ती हसेल, पण देते.) रद्दीवाला, भंगारवाला, कूलरच्या मोटरी बांधून देणारा, गाद्या पिंजणारा हे सगळे या साखळीत आहेत. फाटकं दान करू नका. जे आपण पाहुण्यापुढे ठेवणार नाही ते कामवालीला ‘घेऊन जा’ म्हणणं हे दान नसून स्वतःच्या माळ्याची अडचण तिच्या खोलीत हलवणं आहे, आणि भिडेपोटी तीही नाही म्हणत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी आणि महालातून काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकापासूनची ही नागपूरची परंपरा. गर्दी ओरडते, ईडापीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. सोबतच्या बडग्यांवर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या वर्षीची सगळी संकटं लिहिलेली असतात. शहराला वर्षातून एकदा काहीतरी बाहेर काढायची सवय आहे म्हणायची. मी काही घरांना सुचवून पाहिलं की दिवाळीच्या साफसफाईऐवजी हाच दिवस धरा. दिवाळीत वस्तू काढायला माणूस वरती चढतो खरा, पण पुसून परत ठेवतो, कारण लक्ष्मी यायची असते आणि त्या दिवसांत घरातून काही द्यायला मन धजत नाही. मारबतीला ती आडकाठी नाही.

या सगळ्यातून सुख मिळतं का? माळा रिकामा झाला म्हणून नवराबायकोचं भांडण मिटलं, मधुमेह आटोक्यात आला, असं मी कुठे पाहिलेलं नाही. जे दिसलं ते किरकोळ आहे. सकाळी चाव्या सापडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की ज्या खोलीत सामान कमी तिथे फरशीवर पाणी शिंपडून चटईवर पडता येतं. अचानक कुणी आलं तर बाईचा चेहरा कसनुसा होत नाही. कामाला हात कमी लागतात, आणि ते हात बहुधा एकाच माणसाचे असतात, म्हणून त्या एका माणसाचा तास-दीड तास सुटतो. त्या वेळात कुणी झोपतं, कुणी गाण्याच्या क्लासला जातं, कुणी पुन्हा खरेदीला जातं. त्याचं काय करायचं ते मी सांगणार नाही.

पुस्तकाची रचना थोडी उफराटी आहे. कागदांपासून सुरुवात केली आहे, कारण तिथे भावना कमी आणि भीती जास्त असते, आणि भीतीला यादी करून उत्तर देता येतं. नामनिर्देशन, मृत्युपत्र, मालमत्तेचे कागद, विमा यांची एक साधी फाइल कशी करायची ते पहिल्या दोन प्रकरणांत आहे. मग कपडे, हप्ते, मुलांच्या वस्तू, देवघर. देवघराच्या प्रकरणावर वाद होईल हे मला ठाऊक आहे. स्वयंपाकघर अगदी शेवटी ठेवलं आहे. नाव कोरलेल्या भांड्यांना हात लावायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं, गंज कुणाचा, कुणी दिला, कोणत्या लग्नातला, हे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून घ्यावं आणि लिहून ठेवावं. त्यासाठी शेवटी काही पानं कोरी सोडली आहेत. ती कमी पडली तर शंभरपानी वही आणा, एवढी खरेदी चालेल.